दारात आलेला उमेदवार आणि मावशींचे मत



लीड्सहून पत्र आले की त्यात थंडी, पाऊस आणि सणावाराच्या बातम्या असणार असे आपण धरून चालता. या वेळी विषय वेगळा आहे. आम्ही निवडणुकीबद्दल लिहिणार आहोत. घाबरू नका, कोणत्या पक्षाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही. पक्षाचे नावसुद्धा घेणार नाही. आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. तीत चूक आमची होती, म्हणून ती सांगणे आमचे कर्तव्य आहे असे समजतो.

रविवार, १६ एप्रिल २०२३. पेसाख संपून तीन दिवस झाले होते. सणाची भांडी धुऊन, पुसून पुन्हा माळ्यावर ठेवायची गडबड चालली होती. तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात एक साठीपासष्टीचे गोरे गृहस्थ उभे होते. भिजलेला रेनकोट, हातात पत्रकांचा गठ्ठा. आमच्या वॉर्डातून सिटी कौन्सिलसाठी ते उभे होते. निवृत्त शाळामास्तर, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. येता-जाता मान हलवण्याइतकी ओळख होती.

त्यांनी विचारले, "घरात मतदार किती?"

आम्ही सांगितले, "दोन."

इतक्यात मावशी हात पुसत बाहेर आल्या. मावशी म्हणजे आमच्या सौ.च्या सख्ख्या मावशी. जन्म १९३९ चा, मुंबईत मांडवीला. नर्सिंग शिकून १९६५ साली लीड्सला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या इस्पितळांत रात्रपाळ्या केल्या. काका वारल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. इतक्या वर्षांत त्यांनी भारताचा पासपोर्ट सोडला नाही. "बाकी सगळं बदललं, हे एक राहू दे," असे म्हणायच्या आणि मुदत संपली की नवा करून घ्यायच्या.

"आणि यांचं मत?" गृहस्थांनी विचारले.

"त्या भारतीय नागरिक आहेत. त्यांना इथे मत नाही," आम्ही अगदी जाणकारासारखे बोललो.

ते हसले. म्हणाले, "असं कोणी सांगितलं? भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. इथे कायम राहण्याची परवानगी असलेल्या कॉमनवेल्थच्या नागरिकाला मताचा पूर्ण हक्क आहे. कौन्सिलच्या निवडणुकीत आणि पार्लमेंटच्यासुद्धा. फक्त यादीत नाव पाहिजे. आणि नाव नोंदवायची मुदत उद्या रात्री संपते."

आम्ही गप्प झालो. मावशी खुर्चीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे थॅचरबाईंच्या वेळीसुद्धा मला मत होतं?"

होते. थॅचरबाईंच्या आधीही होते आणि नंतरही. अठ्ठावन्न वर्षे त्यांना हक्क होता आणि कोणी त्यांना सांगितले नव्हते. दरवर्षी घरातल्या मतदारांची नावे तपासायचा कागद यायचा. तो आम्हीच भरत होतो आणि मावशींचे नाव आम्हीच गाळत होतो. परदेशी पासपोर्ट म्हणजे मत नाही, असा आमचा पक्का समज. कोणाला विचारले नाही, कुठे वाचले नाही. शिकल्यासवरल्या माणसांचे हे असे होते!

मावशी लगेच तयार झाल्या असे मात्र समजू नका. गृहस्थ गेल्यावर म्हणाल्या, "जाऊ दे रे. आपण इथे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या आमटीत मीठ किती ते सांगू नये." आपल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांचे असेच मत असते. मान खाली घालून काम करावे, कोणाच्या अध्यात-मध्यात पडू नये. या शहाणपणावर आपण निभावून नेले, हेही खोटे नाही.

पण आमची नात तिथे होती. दहा वर्षांची. तिने विचारले, "आजी, पाहुणे कौन्सिल टॅक्स भरतात का?"

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ तो कॉम्प्युटर."

नॅशनल इन्शुरन्सचा नंबर, जन्मतारीख, पत्ता. पाच मिनिटांत अर्ज झाला.

नगरसेवक म्हणजे कोण?

मुलांनो, तुमच्यासाठी थोडे समजावून सांगतो. मोठ्यांनीही वाचायला हरकत नाही.

लीड्स शहराचे तेहतीस वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डाचे तीन काउन्सिलर, म्हणजे आपले नगरसेवक. एकूण नव्याण्णव. प्रत्येकाची मुदत चार वर्षांची. पण सगळे एकदम निवडले जात नाहीत. एरवी वॉर्डातली एकेक जागा आळीपाळीने निवडणुकीला येते, तीन वर्षे लागोपाठ, आणि चौथे वर्ष मोकळे. वॉर्डांच्या हद्दी बदलल्या तरच सगळ्या जागा एकदम भरतात, जसे २००४ आणि २०१८ साली झाले. मतदान नेहमी गुरुवारी असते, त्यामुळे शब्बाथची अडचण येत नाही.

नगरसेवक युद्ध करत नाही की तह करत नाही. तो बघतो तुमच्या दारातला कचऱ्याचा डबा. लीड्समध्ये काळा डबा उरल्यासुरल्या कचऱ्याचा, हिरवा पुन्हा वापरायच्या वस्तूंचा आणि तपकिरी बागेतल्या पाल्याचा. रस्त्यातले खड्डे, दिवे, वाचनालये, बागा, नवे बांधकाम, म्हाताऱ्या माणसांना घरी मिळणारी मदत, हे सगळे कौन्सिलकडे. सकाळी उठल्यापासून ज्याच्याशी गाठ पडते ते सारे इथेच ठरते. मोठ्या साहेबाला आपण टीव्हीवर बघतो. नगरसेवक मात्र दुकानात दुधाच्या रांगेत भेटतो आणि तिथेच त्याला गाठता येते.

नगरसेवक नसला तर काय होते ते मुंबईकरांना विचारा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे निवडून आलेला एकही नगरसेवक तिथे नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. आमचे मुंबईचे नातेवाईक फोनवर म्हणायचे, "नळाला पाणी नाही आलं तर जायचं कोणाकडे?"

आता उमेदवार कोणाला होता येते? वय अठरा पूर्ण हवे. ब्रिटिश, आयरिश किंवा इथे राहण्याचा हक्क असलेला कॉमनवेल्थचा नागरिक चालतो. म्हणजे भारताचा पासपोर्ट असलेला माणूससुद्धा उभा राहू शकतो! त्या गावात राहणारा, काम करणारा किंवा तिथला मतदार असला पाहिजे. कौन्सिलच्या पगारावर असलेला चालत नाही. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक, दोन सह्या पुरतात. आणि अनामत रक्कम? एक पेनीसुद्धा भरावी लागत नाही. पार्लमेंटसाठी पाचशे पौंड लागतात, कौन्सिलसाठी काही नाही. पायात बळ असले आणि लोकांची दारे ठोठवायची लाज नसली की पुरे.

"आपल्यातला आहे का?"

त्या संध्याकाळी जेवताना मावशींनी आणखी एक प्रश्न विचारला. "माणूस चांगला वाटला. पण आपल्यातला नाही ना?"

हा प्रश्न प्रत्येक लहान समाजात निघतो. म्हणून लीड्सची थोडी हकिगत सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियाच्या राज्यातून, विशेषतः लिथुआनियाकडून, पुष्कळ यहुदी कुटुंबे लीड्सला आली. लेलँड्स नावाच्या वस्तीत दाटीवाटीने राहून त्यांनी शिलाईचा धंदा केला. पुढे लीड्सचे तयार सूट जगभर गेले, त्यामागे या शिंप्यांचे हात होते. पण सुख लगेच लाभले नाही. जून १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, लेलँड्समध्ये यहुद्यांची घरे-दुकाने जमावाने फोडली. सप्टेंबर १९३६ मध्ये मोस्ली आपल्या काळ्या शर्टवाल्यांना घेऊन होलबेक मूरच्या मैदानावर आला. तेव्हा मात्र त्याला विरोध करायला हजारो लीड्सकर जमले.

आणि १९४१ साली याच शहराने हायमन मॉरिस यांना लॉर्ड मेयर केले. लीड्सचे ते पहिले यहुदी लॉर्ड मेयर. दंगलीला तेव्हा चोवीसच वर्षे झाली होती. त्यांच्या कारकिर्दीत, १९४२ च्या सुरुवातीला, बुडालेल्या 'आर्क रॉयल' जहाजाच्या जागी नवे जहाज बांधण्यासाठी शहराने बचतीचा आठवडा पाळला. पन्नास लाख पौंडांचे लक्ष्य होते, जमले नव्वद लाखांहून अधिक. ते पैसे काही एकट्या यहुद्यांनी दिले नव्हते, सगळ्या गावाने दिले.

त्यांच्यानंतर १९४२ मध्ये जेसी बीट्रिस किटसन या पहिल्या महिला लॉर्ड मेयर झाल्या. पुढे २०१९ मध्ये जमैकात जन्मलेल्या आयलीन टेलर आणि २०२४ मध्ये नायजेरियात जन्मलेल्या अबिगेल मार्शल काटुंग त्या खुर्चीवर बसल्या. लॉर्ड मेयर इथे मानाचे पद असते, एका वर्षापुरते, आणि तो नगरसेवकांतूनच निवडतात. म्हणजे वाट दारे ठोठावण्यापासूनच सुरू होते.

दुसरे उदाहरण चार्ल्स जेन्किन्सन यांचे. हे ख्रिस्ती पाद्री. १९२७ मध्ये होलबेकच्या गरीब वस्तीत आले. तिथली घरे पाठीला पाठ लावून बांधलेली. मागच्या भिंतीला दुसऱ्याचे घर, म्हणून मागे ना खिडकी ना दार, आणि संडास चार घरांत मिळून. आपल्या मुंबईच्या चाळी आठवा, त्यातून गॅलरी वजा करा. जेन्किन्सन १९३० मध्ये कौन्सिलवर निवडून आले, १९३३ मध्ये घरबांधणी समितीचे प्रमुख झाले आणि ही घरे पाडून नवी बांधायचा त्यांनी ध्यास घेतला. नव्या घरांचे भाडे माणसाच्या मिळकतीप्रमाणे असावे असा नियम केला. ज्याला परवडत नाही त्याला कमी. त्यावरून पुष्कळ ओरड झाली, कारण बरी मिळकत असणाऱ्यांचे भाडे वाढले. पण घरे उभी राहिली. नव्या घरांत कोणत्या धर्माचा माणूस जातो हे त्यांनी विचारले नाही.

आता आपल्याकडे या. मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड आपल्यापैकी किती जणांनी बसमधून पाहिला असेल! पुष्कळांना वाटते की हा कोणी इंग्रज साहेब. नाही हो, हे आपले बेने इस्राएल, डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. १९३७-३८ साली ते मुंबईचे महापौर होते. मुलांनो, विचार करा. लाखो लोकांची मुंबई आणि त्यात आपण मूठभर. फक्त आपल्या मतांवर आपला माणूस महापौर सोडाच, साधा नगरसेवकसुद्धा झाला नसता. दुसऱ्यांनी त्यांना आपले मानले, म्हणून ते तिथे पोहोचले.

मावशी हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कृष्ण मेनन आठवतात. बासष्ट साली उत्तर मुंबईतून उभे होते, समोर आचार्य कृपलानी. काय धामधूम! सगळी मुंबई तेच बोलायची." मेनन जिंकले ते आपल्याला माहीत आहे. पण त्यांच्या निवडणुकांची सुरुवात मुंबईत नव्हे, लंडनमध्ये झाली हे ठाऊक आहे का? १९३४ मध्ये ते सेंट पँक्रस भागाचे नगरसेवक झाले आणि १९४७ पर्यंत राहिले. त्यांनी तिथे वाचनालयांसाठी फार काम केले. १९५५ मध्ये त्या भागाने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. त्यांच्याआधी तो मान जॉर्ज बर्नार्ड शॉ यांना मिळाला होता.

आणि महात्मा फुले? तेही नगरसेवकच. १८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून सजावटीला हजार रुपये खर्चायचा ठराव आला. सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या, एकट्या जोतीरावांनी विरोध केला. म्हणाले, तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण हरलेले ते एक मत आज लोकांच्या लक्षात आहे, जिंकलेल्यांची नावे कोणाला आठवत नाहीत.

तेव्हा "आपल्यातला आहे का?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, तो कोणाकोणाच्या दारात जातो ते बघा. जो फक्त आपल्याच लोकांच्या दारात येतो, त्याच्यापासून जरा सांभाळून. जो सगळ्यांच्या दारात जातो आणि आपलेही दार चुकवत नाही, तो आपल्यातला.

गुरुवार, ४ मे

मतदानाच्या दिवशी मावशींनी कपाटातली निळी साडी काढली. वर कोट, पायात बूट. त्या वर्षीपासून इंग्लंडमध्ये मत द्यायला फोटोचे ओळखपत्र दाखवावे लागते. आम्ही म्हटले, मावशी, बसचा पास चालतो, तो घ्या. त्या म्हणाल्या, "पासपोर्ट चालतो का?" कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो. झाले! अशोकस्तंभाचे सिंह छापलेला तो पासपोर्ट पर्समध्ये गेला.

मतदान केंद्र चर्चच्या हॉलमध्ये होते. टेबलावरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, यादीत नाव शोधले आणि म्हणाल्या, "देअर यू आर, लव्ह." यॉर्कशरमध्ये ओळख असो-नसो, सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात. आपल्याकडे भाजीवाला 'मावशी' म्हणतो तसेच ते.

मतपत्रिका घेऊन मावशी आडोशाला गेल्या. दोरीने बांधलेली पेन्सिल होती. फुली मारली, घडी केली, पेटीत टाकली. आणि मग त्या टेबलापाशी परत आल्या आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. बाईंना काही कळेना. आम्हाला कळले. मावशी शाईची वाट बघत होत्या! मुंबईत १९६२ साली लावली होती तशी. इथे शाई लावत नाहीत असे सांगितले तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. घरी आल्यावर नातीने निळ्या पेनने त्यांच्या बोटावर रेघ काढून दिली. दोन दिवस त्यांनी ती पुसू दिली नाही.

आता निकाल. आमचे शाळामास्तर पडले. अगदी थोडक्यात नव्हे, चांगलेच पडले.

पण गोष्ट इथे संपत नाही. दारात आले होते त्या दिवशी त्यांनी मावशींना विचारले होते, "तुम्हाला या भागात काय हवं?" मावशी म्हणाल्या होत्या, "बस थांब्यावर एक बाक. गुडघे दुखतात." त्यांनी वहीत लिहून घेतले होते. निवडणुकीनंतर तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. म्हणाले, "मी हरलो, पण तुमचं बाकाचं पत्र मी निवडून आलेल्या काउन्सिलरना दिलंय." ते काउन्सिलर दुसऱ्या पक्षाचे. त्यांनीही मावशींना पत्र लिहून थांबा कोणता ते विचारले. पुढच्या वसंतात बाक बसला.

साधा लाकडी बाक, त्यावर कोणाचे नाव नाही. मावशी तिथे बसतात आणि शेजारी कोणी आले की सरकून जागा देतात. वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा या गावाकडे काही मागितले आणि गावाने ते दिले. "पाहुणे" हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलेला नाही.

वडीलधाऱ्यांसाठी उपयोगाचे

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे.

भारतीय पासपोर्ट असून इथे राहण्याची परवानगी असेल तर मत आहे. यादीत नाव आहे का ते आजच बघा. नाव नोंदवायची मुदत मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांआधी संपते. चालवत नसेल तर पोस्टाने मत देता येते, किंवा आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला सांगता येते, त्यासाठी आधी अर्ज हवा. पोस्टाच्या मताचा अर्ज आता कायमचा राहत नाही, ठरावीक मुदतीनंतर पुन्हा करावा लागतो. ज्यांच्याकडे फोटोचे कोणतेच ओळखपत्र नाही त्यांना मतदानाचा दाखला फुकट मिळतो.

फक्त इस्रायलचा पासपोर्ट असेल तर मात्र इथे मत नाही, कारण इस्रायल कॉमनवेल्थमध्ये नाही. आमचे जावई बीरशेब्याचे. ते मावशींना चिडवतात, "तुमचे सिंह माझ्या मेनोरापेक्षा भारी निघाले!" उलट इस्रायलमध्ये नागरिक नसलेल्या पण कायम रहिवासी असलेल्या माणसालाही नगरपालिकेसाठी मत देता येते. तेव्हा तिथल्या वाचकांनीही आपापल्या घरात चौकशी करावी. आमच्यासारखे कोणाचे नाव आपणच गाळत नाही ना?

मुलांसाठी

लीड्सच्या सिव्हिक हॉलच्या दोन मनोऱ्यांवर सोनेरी घुबडे बसली आहेत. आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन, पण इथे ते शहराचे चिन्ह आहे. १६२६ मध्ये लीड्सचे पहिले आल्डरमन झालेले सर जॉन सॅव्हिल यांच्या घराण्याच्या चिन्हात घुबडे होती, तीच शहराने घेतली. म्हणजे ही घुबडेसुद्धा एका नगरसेवकाचीच!

आता तुमचे काम. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी पहिले मत कुठे आणि कोणत्या साली दिले. अलिबागला, मुंबईला, लोदला की दिमोनाला? बोटाला शाई लागली होती की लिफाफ्यात चिठ्ठी घातली होती? मराठीत पाच ओळी लिहून आमच्याकडे पाठवा. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. मावशी स्वतः वाचणार आहेत.